पाव्हण्यांसाठी उपसलेला आड

सकाळी दूध तापत होतं आणि फोन वाजला. मला कुठल्याही वेळच्या फोनची धास्ती वाटते, म्हणून मी आधी गॅस बंद केला, मगच रिसीव्हर उचलला. पलीकडून मनीषाचा आवाज आला, "मामी… आत्याबाई गेल्या वो." सून सासूला आत्याबाई म्हणते ही आमच्याकडची रीत. मनीषाची सासू म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण आणि साऱ्या वाडीची अक्का. त्यावर मी काय म्हणाले असेन? "बरं." फक्त बरं! माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी बरं म्हणतं का? पण तेवढंच तोंडातून निघालं. मग मी पुन्हा गॅस पेटवला, दूध वर येईपर्यंत तिथंच उभी राहिले आणि ते उतू गेलं तरी बघत राहिले. आता त्याला महिना उलटून गेला. पुरवणीच्या संपादकांनी दोन शब्द लिहा म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा नाहीच म्हणाले होते. दोन शब्दांत मावणारी बाई होती का ती!

शेवटची भेट दवाखान्यातली. अक्कांच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या, पायांवर सूज होती, पण तोंड शाबूत होतं. मी डबा घेऊन गेले तर म्हणाल्या, "सुधे, तुझं त्वांड असं का सुपाएवढं झालंय? मी जाणार हाय, तू न्हाई." मी बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं. विचारायचं ते विचारलं… हे पाण्यानं झालं का? डॉक्टर तरुण होते, भले होते. ते म्हणाले, वयही आहे, रक्तदाबही आहे, पाणी किती वर्षं कसलं प्यायल्या ते कुणी मोजलेलं नाही, त्यामुळं सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' माझ्या डोक्यातून जात नाही. पाण्यानं झालं असतं तर निदान भांडता आलं असतं. वयानं झालं असतं तर गप्प बसता आलं असतं. आता मी दौंडच्या घरात नातवाला पाण्याचा पेला देते तेव्हा आधी उजेडाकडं धरून बघते. सून हसते. हसू दे बाई.

अक्कांची आणि माझी पहिली चकमकही पाण्यावरूनच झाली होती. ह्यांची रेल्वेतली नोकरी, म्हणून दौंडला बिऱ्हाड. मी तिथल्या शाळेत हिंदी शिकवायची. नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल, अक्का संसार बघायला म्हणून आल्या. मी तांब्याभर पाणी पुढं केलं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि चौकशी सुरू केली. पाणी कुठलं? नळाचं. नळाला कुठून? नगरपालिकेकडून. आन् नगरपालिकेला कुणी दिलं? नदीनं. आन् नदीत वरून काय काय येतं ते ठावं हाय का तुला? मी तेव्हा नवी असले तरी गरीब नव्हते. म्हटलं, "अक्का, उन्हातून आलाय, घसा कोरडा पडलाय ना? मग प्या की! नदीची सोयरीक नंतर जमवू." ह्यांचा चेहरा पांढरा पडला. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, घटाघटा पाणी प्यायल्या आणि भावाला म्हणाल्या, "बायकू झ्याक हाय तुझी. बोलती तरी." त्या दिवसापासून आमचं जमलं. भांडलोही पुष्कळ, पण ते जमलं म्हणूनच.

त्यांची वाडी मांडवगण फराट्याच्या अलीकडं, एका ओढ्याच्या काठावर. वाडीचं नाव मी लिहीत नाही, कारण घाणीसाठी वाडीचं नाव छापून आलेलं अक्कांना सोसलं नसतं, आणि ते का सोसलं नसतं तीच खरं तर ही सगळी गोष्ट आहे. वाडीत निम्मी घरं जुन्या शेतकऱ्यांची, निम्मी मेंढरं विकून शेती धरलेल्यांची. सगळ्यांचं पिण्याचं पाणी एका आडाचं. दगडी बांधणीचा अरुंद आड, वर रहाट. दर वर्षी जत्रेच्या आधी सारी वाडी मिळून तो उपसायची, गाळ काढायची, दगड घासायची, कठड्याला चुना द्यायची आणि हळदकुंकू वाहून मग नवं पाणी भरायला लागायची. त्या पाण्याचा अक्कांना भारी तोरा. माहेराहून आलेल्या बायकांना म्हणायच्या, आमच्या आडाची डाळ दोन कढांत शिजती.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला पुठ्ठ्याचा एक कारखाना निघाला. छोटासाच. वाडीतली दहाबारा पोरं तिथं कामाला लागली, लोकांना बरंच वाटलं. दोनतीन वर्षांत ओढ्याला कोऱ्या चहाचा रंग आला, वर फेस आला. तरी लोक म्हणत होते, ओढ्याचं पाणी कोण पितंय? पण जमिनीखाली भिंत थोडीच असते? एका उन्हाळ्यात आडाचं पाणी पिवळसर झालं, पुढल्या उन्हाळ्यात तांबूस, आणि भांडं झाकून ठेवलं की वास यायला लागला. डाळ शिजेना. ज्यांच्या शेतात लांब दुसरी विहीर होती ते तिथून आणायचे, बाकीच्यांना टँकर. टँकर आला तर आला. न आला तर आड होताच.

नेमकी त्याच सुमाराला सरपंचपदाची जागा बायकांसाठी राखीव झाली. गावच्या कारभाऱ्यांनी विचार केला, अक्का विधवा बाई, मुलगा विलास अजून लहान, सही कर म्हटलं की करेल. काय माणूस ओळखलं होतं त्यांनी! पहिल्याच बैठकीत अक्का म्हणाल्या, "सभामंडप नंतर. कमान नंतर. आधी आड." आणि मग सुरू झाल्या कचेऱ्यांच्या फेऱ्या. मीही सुट्टीच्या दिवशी बरोबर असायची, कारण साहेबांपुढं बोलताना जवळ एक मास्तरीण असलेली बरी असं त्यांना वाटायचं. कुणी म्हणालं, हे कालव्याचं पाणी नाही, आमच्याकडं येत नाही. कुणी म्हणालं, आम्ही नळयोजना बघतो, आड बघत नाही. कुणी म्हणालं, कारखाना बघतो पण जमिनीखालचं बघत नाही. वाईट कुणीच नव्हतं. चहा सगळ्यांनी पाजला. पण आडाचा धनी कुणी सापडेना. परतीच्या एसटीत अक्का खिडकीला डोकं लावून बसायच्या आणि एकदम म्हणायच्या, "सुधे, वरनं लिवून आल्याबगर खालचं कुणी हालत न्हाई. वर म्हंजी किती वर जावं लागंल गं?" मला धडकीच भरायची. ही बाई आता कुठं निघते, म्हणून.

तिला वर जावं लागलं नाही, वरच खाली आलं. दिल्लीत पाण्याचं देशाचं धोरण नव्यानं लिहिण्याचं चाललं होतं आणि त्यासाठी लोकांचं म्हणणं ऐकायला तिकडून काही मंडळी पुण्यात आली होती. कुणीतरी अक्कांना सांगितलं आणि अक्का मला घेऊन तिथं पोचल्या. मोठा हॉल, पंखे, पाण्याच्या बाटल्या. शिकलेली माणसं धरणांवर बोलत होती, नद्या जोडण्यावर बोलत होती. अक्कांचा नंबर आला तेव्हा त्या पदर खोचून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मी बोलती, तू हिंदीत सांग, आन् तुझं त्यात काय घालू नगंस." त्यांनी जे मागितलं ते मला शब्दशः पाठ आहे. "कारखाना बंद करा असं म्या म्हणत न्हाई. आमचीच पोरं हायेत तिथं. पर जिथलं पाणी मानूस पितो, तिथं घाण जायाची न्हाई, एवढं देशाच्या कागदावर लिवा. आन् गेलीच, तर राखण कुनाकडं हुती, त्ये बी लिवा." मी हिंदी केलं. टेबलामागं बसलेल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं. पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या. त्यांनी वाडी कुठं आहे ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, आम्ही काही गावं स्वतः बघणार आहोत, तिथलं पाणी तपासून अहवालात घालणार आहोत, तुमचा आड बघायला येतो. अक्कांनी तिथंच हात जोडले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "बघितलंस? आपलं पाणी दिल्लीच्या कागदावर चढनार." मला आनंद व्हायच्या आधी काळजी लागली, हे खरं. म्हटलं, अक्का, अजून चढलेलं नाही.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारी अक्का मला न्यायला दौंडला आल्या. दिल्लीच्या त्या मॅडमशी हिंदीत बोलायला कोण? रात्रभर माझ्याकडं राहून सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. भीमेचा पूल ओलांडला तशी अक्कांची तगमग वाढली. त्यांना एकच भीती होती, की कारखान्यावाल्यांना दिल्लीच्या पाहुण्यांचा सुगावा लागला असणार, आणि त्यांनी दोन दिवस घाण सोडायची बंद ठेवली असणार. "आज ओढा सोच्छ दिसला की मेलो आपण सुधे. पाच वर्सांची खटपट पाण्यात." मीही देव आठवत होते. तुम्हाला हसू येईल, पण आम्ही दोघी धडधाकट बायका एसटीत बसून देवाला मागत होतो, की ओढा घाण असू दे. ओढ्यावरचा फरशी पूल आला आणि अक्का ड्रायव्हरच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. पाणी तांबूस होतं, फेसाळ होतं, वास आत बसलेल्यांनाही आला. बायकांनी पदर नाकाला लावले आणि अक्का मात्र टाळी वाजवून ओरडल्या, "हाय! हाय तसंच हाय!" साऱ्या एसटीनं वळून बघितलं. मी त्यांना खाली ओढून बसवलं. इतकं हसलो आम्ही… इतक्या निर्धास्त झालो. पुढं कधी तसं हसलो नाही.

वाडीत शिरलो तर वेशीपासून रांगोळ्या. शाळेच्या पोरींनी केसांत फुलं माळलेली. आणि आडाभोवती सगळ्या बायका, नव्या लुगड्यांत. कठड्याला ताजा चुना, रहाटाला आंब्याचे डहाळे, हळदकुंकू, उदबत्ती. मधोमध तान्हूबाई उभी होती. ही मेंढरांमागं अर्धा जन्म हिंडलेली आणि आता वाडीत स्थिरावलेली म्हातारी, अक्कांची जिवाभावाची मैत्रीण. हात कोपरापर्यंत सोललेले, पण चेहरा असा फुललेला! "अक्का, बघा तरी!" तिनं अक्कांचा हात धरून त्यांना कठड्याशी नेलं. अक्का आदल्या दिवशी दौंडला निघाल्यापासून साऱ्या बायकांनी मिळून आड उपसला होता. जत्रेला उपसतात तसा. गाळ काढला, एकेक दगड नारळाच्या शेंडीनं घासला. झऱ्यांतून पुन्हा तांबडंच पाणी यायला लागलं तेव्हा त्यांना बोळे कोंबले आणि पाटाच्या पाण्याचे टँकर आणून आत सोडले. तुरटी फिरवली. वाळ्याच्या जुड्या बांधून सोडल्या. मी वाकून बघितलं. तळाचा दगड दिसत होता.

"दिल्लीचं पाव्हणं," तान्हूबाई म्हणाली, "त्यास्नी का आपलं ते घाण पानी दावायचं? काय म्हनतील? ह्या वाडीला बायका हायेत का न्हाईत?" आणि सगळ्याजणी अक्कांच्या तोंडाकडं बघत राहिल्या, आता शाब्बास म्हणतील म्हणून.  मी अक्कांकडं बघितलं. बाईचा रंग उडाला होता.  मला वाटलं आता ही फुटणार, आता जीभ सुटणार, आणि खरं सांगते, मला ती सुटायला हवी होती. पण अक्कांनी तान्हूबाईचे ते सोललेले हात आपल्या हातात घेतले, जरा वेळ बघितले आणि म्हणाल्या, "लई राबलात गं बायांनो." एवढंच. तेवढ्यात धुरळा उडाला, जीप आली.

मॅडम आल्या, बरोबर दोन माणसं. ओवाळणं झालं. पाणी झालं, चहा झाला. एका माणसानं पोहरा सोडून पाणी शेंदलं, बाटल्यांत भरलं, बुचं लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या. मॅडमनी पाणी हातात घेतलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. मी अक्कांना कोपरानं ढोसलं. "सांगा, अक्का. आत्ता सांगा." अक्का पुटपुटल्या, "ह्या सगळ्यांच्या म्होरं? तिनं रातभर हात घासलंत सुधे." म्हटलं, निदान ओढा तरी दाखवू. मॅडम म्हणाल्या, ओढा बघितला आम्ही, पण आमचं काम पिण्याच्या पाण्याचं आहे, आणि ते तर चांगलं दिसतंय. पुढच्या गावाची वेळ झाली होती. जीप गेली. बायकांनी फुगड्या घातल्या. मी चुलीमागं जाऊन रडले.

अक्का रडल्या नाहीत. दुपारची भाकरी खाल्ली नाही, एवढंच. चार वाजायच्या सुमाराला म्हणाल्या, "दुधाची गाडी शिरूरला चाललीय, चल." कॅनांच्या मधे पाय आखडून बसून आम्ही निघालो. मॅडमचा मुक्काम शिरूरला आहे हे आम्हाला ठाऊक होतं. वाटेत मला नुसती चिंता… भेटतील का, चिडतील का, फसवणूक म्हणून उलटंच काही लिहितील का.  विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मॅडम चहा घेत बसल्या होत्या. आमच्या अंगाला दुधाचा वास, धुळीनं केस पांढरे. मी बोलायला तोंड उघडलं तर अक्कांनी मला हातानं थांबवलं. त्यांना हिंदी येत नव्हती, तरी त्या स्वतः बोलल्या. "म्याडम, वो पानी हमारा नहीं था."

मग मीच मॅडमना सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा कठीण होत गेला. "आप लोगों ने ऐसा क्यों किया? मैं इतनी दूर से आपका पानी देखने आयी थी." अक्कांनी माझ्या हिंदीची वाट बघितली नाही. म्हणाल्या, "मेहमान आये थे ना." मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.  मग त्यांनी आम्हाला समोर बसवलं, चहा सांगितला आणि खरं तेच बोलल्या. बाटल्यांना मोहोर लागली होती. आता त्यात बदल करता येत नव्हता. तुम्ही आणलेलं पाणी चालत नाही, आमच्या माणसानं भरलेलंच चालतं, नाहीतर कुणीही काहीही आणेल. पुन्हा यायला जमलं तर येईन, नाही जमलं तर शेरा लिहीन की या पाण्याबद्दल गावाचं म्हणणं वेगळं आहे. अक्कांनी विचारलं, शेऱ्यानं काय होतं? मॅडमनी खरं उत्तर दिलं, त्याबद्दल मी त्यांना मानते. म्हणाल्या, "बहुत कम."

त्या पुन्हा आल्या नाहीत. आल्या असत्या, जमलं नसेल. अक्का मात्र कितीतरी महिने जीपच्या आवाजाला बाहेर यायच्या. मी फोन केला की पहिला प्रश्न, "पेपरात काय आलं का गं?" शेवटी एकदाचं धोरण आल्याची बातमी छापून आली. मी पेपर घेऊनच वाडीला गेले. ओट्यावर बसून वाचून दाखवलं की पाणी वाटताना पिण्याच्या पाण्याला पहिला नंबर दिलाय, शेती त्याच्यानंतर, कारखाने त्याच्याही नंतर. अक्कांनी दोनदा वाचायला लावलं. "पयला नंबर दिला. ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "राखण कुनाकडं दिली?" पेपरात आलं होतं तेवढं मी पुन्हा चाळलं. खाली बघून, वर बघून. मला तरी ते सापडलं नाही. अक्का म्हणाल्या, "नीट बघ, बारीक अक्षरांत आसंल." मी खोटं खोटं अजून थोडा वेळ बघत राहिले. काय करणार होते?

तोवर त्यांचं सरपंचपदही गेलं होतं. पण तिथून पुढं त्यांनी एक खूळ घेतलं. घरी कुणीही आलं, तलाठी असो, आमदार असो, विम्याचा माणूस असो, की अक्का आधी काचेच्या पेल्यात आडाचं पाणी आणून पुढ्यात ठेवायच्या. तांबूस, तळाला गाळ बसलेलं. "प्यायाचं न्हाई, बघायचं." आणि स्वतः चांगल्या पाण्याचा तांब्या हातात धरून दारात उभ्या राहायच्या. पाहुण्यानं पेला उचलून नीट बघेपर्यंत तांब्या पुढं येत नसे. तहानलेला माणूस कासावीस व्हायचा. मी ओरडायची, अहो अक्का, हा काय छळ! तर म्हणायच्या, "एकदा पाव्हण्याला जपलं, आता पानी जपू दे."

विलासच्या लग्नाच्या वेळी तर त्यांनी कहर केला. मनीषाचे वडील घर बघायला केडगावहून आलेले, भला गृहस्थ, बरोबर चार माणसं. मी आतून हात जोडत होते, आज नको, अक्का, आजच्या दिवस नको, सोयरीक मोडेल. "मोडू दे. पोरगी द्यायच्या आदी बापानं बघाया नगं, ती काय शेंदनार हाय ते?" आणि ठेवला पेला! ते गृहस्थ बघत बसले.  मला वाटलं आता टोप्या उचलून चालते होणार. ते म्हणाले, पोरीला विचारतो. विचारलं, आणि पोरगी हो म्हणाली. मी मनीषाला पुढं कधीतरी विचारलं, का गं हो म्हणालीस? ती म्हणाली, "ज्या घरात सासू पाणी झाकून ठेवत न्हाई, तिथं बाकीचं काय झाकतील?" कार्टी हुशार आहे.

पण तान्हूबाईला हे खूळ पटेना. एके दिवशी ती तणतणत आली, मी तिथंच होते. "अक्का, म्हातारपणी डोस्कं फिरलं का? दारी आलेल्याला कुनी घाण दावतं? आपन तवा दिल्लीवाल्यांसाठी आड कसा लख्ख…" आणि बोलता बोलता थांबली. पेल्याकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं. अक्कांनी मान फिरवली. तान्हूबाई खाली बसली. "म्हंजी तवा… बाटलीत आपलं पानी गेलंच न्हाई."  "आन् तुमी इतकी वर्सं मला बोलला न्हाई?" अक्का म्हणाल्या, "काय बोलू? तुज्या हाताची सालटी निघाली हुती."  तान्हूबाई पदरानं डोळे पुसायची, पुन्हा पेल्याकडं बघायची. मी चहा केला, तो तसाच गार झाला.

मग आजारपण आलं, आणि मघाशी सांगितलेला तो दवाखाना. टँकर येत नसे तेव्हा अक्का आडाचं पाणी प्यायच्या, हे मला मनीषानं नंतर सांगितलं. शेतातल्या विहिरीचं आणलेलं पाणी त्या नातवंडांना ठेवायच्या. मी चिडले, गेलेल्या माणसावर चिडले. सगळ्या देशाला राखण कुणाकडं म्हणून विचारत फिरलीस बाई, आणि स्वतःला राखलं नाहीस. आता मी कुणाशी भांडू?

तेराव्यानंतर मी चार दिवस वाडीतच राहिले होते. मंगळवार असेल, एक जीप आली. आवाज ऐकून मी दचकलेच. उतरले ते तरुण साहेब, पाण्याच्याच कुठल्याशा नव्या पाहणीवर आलेले. त्यांना वाटलं होतं माजी सरपंच बाई भेटतील. ओट्यावरचा हार घातलेला फोटो बघून बिचारे अवघडले, टोपी काढून बसले. मनीषा आत गेली. मला वाटलं चहाला गेली. पण आतून तान्हूबाई आली आणि तिनं साहेबांच्या पुढ्यात काचेचा पेला ठेवला. सांगायचं ते वाक्य तिला आठवेना, ती नुसती उभी राहिली. साहेब सभ्य होते. दुखवट्याचं घर, म्हातारीनं हातानं आणलेलं पाणी, नाही कसं म्हणायचं? त्यांनी एकदा त्या रंगाकडं बघितलं आणि पेला तोंडाला लावायला उचलला.

"आवं, पिऊ नका!" तान्हूबाईनं त्यांचं मनगटच धरलं. पाणी हिंदकळून त्यांच्या शर्टावर सांडलं. "पिऊ नका, लेकरा. पाव्हणं हायसा तुमी." मग तिनं पेल्याकडं बोट केलं. "हे आमी पितो."

साहेब पेला हातात धरून बसले होते. मनीषा चांगल्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. ती पुढं आली नाही. साहेबांनी पेला उजेडाकडं धरला, बराच वेळ बघितलं आणि मान वर न करताच विचारलं, "याची जबाबदारी कुणाकडं आहे?"  इतक्या वर्षांत तो प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता… आणि ज्यांनी ऐकायला हवा होता त्या नव्हत्या.